रिकामा डबा परत देऊ नये

या पेजवरच्या गोष्टींखाली मी पूर्वी एकच कमेंट टाकायचे. 'पोटभर जेवा आणि गप झोपा.'

आता माझ्या गोष्टीखाली कोणी तेच लिहिणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल लिहा. पण हे आमच्या घरात घडलंय आणि अजून संपलेलं नाही. ज्या डब्याची ही गोष्ट आहे, तो आत्ता आमच्या ओट्यावर आहे.

मी रम्या. बेंगळूरला राजाजीनगरात राहते. आमचं कुळ इथे इतक्या पिढ्यांपासून आहे, की घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड ही आम्हाला दोन भाषा वाटतच नाहीत. घरात आम्ही चौघं होतो. मी, नवरा गिरीराज, मुलगी पवित्रा, म्हणजे आमची पवी, आणि सासूबाई. सासूबाईंचं नाव सकवारबाई, पण सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे.

'होतो' असं लिहिलंय. चुकून नाही लिहिलं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची. स्थळ इटली. तिथल्या डोंगरातलं एक बर्फाचं गाव. नाव सांगणार नाही, कारण गावाचा काही दोष नाही.

गिरीला आयुष्यात एकदा स्की करायचं होतं. नंदी हिल्सच्या थंडीत कानटोपी घालणारा माणूस! पण डोक्यात एकदा शिरलं की शिरलं. अक्का म्हणाल्या, "मी काय करू तिथं? मला स्वल्प गार लागलं तरी गुडघे धरतात." तरी त्यांना घेऊन गेलो.

गाव मात्र चित्रातलं होतं. लाकडी घरं, छपरांवर बर्फ, फरचे कोट घातलेल्या बायका. एका कुत्र्याच्या अंगात माझ्यापेक्षा भारी कोट होता. त्यातून आमच्या अक्का चालायच्या. नऊवारीच्या आत थर्मल, वर गिरीचं जॅकेट आणि डोक्याला मरून मफलर. लोक वळून बघायचे. अक्काही उभं राहून त्यांच्याकडे बघायच्या.

आम्ही एका जुन्या इमारतीत घर भाड्याने घेतलं होतं. आमच्या मजल्यावर दोनच दारं होती. एक आमचं आणि एक समोरचं.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी मी आणि गिरी पवीला स्कीच्या शाळेतून घेऊन परतलो. बघते तर अक्कांनी बॅगेच्या तळातून एळ्ळू-बेल्ला काढलेलं. पांढरे तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे, डाळं, आणि वर सक्करे अच्चू, म्हणजे साच्यातले साखरेचे मोर आणि मासे. हे सगळं त्यांनी बेंगळुरातून करून आणलं होतं.

"अक्का, इथं कुणाला देणार?"

"शेजाऱ्याला. संक्रांतीचं घरात ठेवायचं असतं का? समोर देऊन आले सुद्धा."

आपल्या नेहमीच्या स्टीलच्या डब्यात घालून. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, 'सौ. सकवारबाई हंबीरराव मोहिते, राजाजीनगर.' सासरे गेले, सौ. गेलं, पण डब्यावरचं तसंच राहिलं होतं.

"कोण राहतं समोर?" गिरीने विचारलं.

"एक पोरगी आहे रे. तिशीची असेल. अंगात स्वेटर नाही, केस ओले. मागं तिची लेक उभी होती, आपल्या पवीएवढी. दार जरासंच उघडलं. डबा घेतला, पण एक शब्द बोलली नाही."

"तुझं मराठी कळलं नसेल."

"एळ्ळू कळायला भाषा कशाला लागते?"

आम्ही हसलो. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर डबा पायपुसण्यावर ठेवलेला होता. झाकण घट्ट लावलेलं.

उचलला तर जड लागला...

आत बर्फ होतं. काठोकाठ दाबून भरलेलं, वरून हाताने सारखं केलेलं. त्यावर बोटांच्या खुणा होत्या. लहान बोटांच्या.

"कार्ट्यांची मस्करी," गिरी म्हणाला.

अक्का मात्र हसल्या नाहीत. "मस्करी कसली? रिकामा डबा परत देऊ नये, एवढं तिला कळतं. घरात काही नसेल बिचारीच्या. जे होतं ते दिलं."

हा अक्कांचा नियम. तुमच्याही आईचा असेल. शेजारणीचा डबा आला की तो रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालायची. राजाजीनगरात आमचे आणि शेजारच्या पद्मावतीबाईंचे डबे असे वर्षानुवर्षं फिरतायत. कोणी सुरू केलं होतं, ते आता कोणाला आठवतही नाही.

अक्कांनी चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात केला, डबा भरला आणि समोर नेऊन ठेवला.

त्या संध्याकाळी पवी जेवताना म्हणाली, "आई, समोरच्या मुलीला माझी टोपी आवडली. ती म्हणते, खेळायला चल."

"कधी भेटली तुला?"

"भिंतीतून बोलते ना."

आमच्या घरात आणि समोरच्या घरात सामाईक भिंत नव्हती. मधे अख्खा जिना होता.

मुलं काहीही बोलतात, असं मी स्वतःला सांगितलं.

डबा पुन्हा आला. या वेळी हलका होता.

आत एक हातमोजा होता. लाल लोकरीचा, अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एकत्र, असला. लहान मुलाचा, डाव्या हाताचा. ओला होता. आमच्या घरात हीटर चालू होता, तरी तो दुपारपर्यंत वाळला नाही.

अक्का तो हातात घेऊन किती तरी वेळ बसल्या. अक्का स्वतः विणायच्या. सुया आणि लोकर त्यांच्या पिशवीत कायम असायची. लहान मुलासाठी काहीही विणलं की आतल्या बाजूने एक टाका काळ्या दोऱ्याचा घालायच्या, दृष्ट लागू नये म्हणून.

"एकच आहे गं," त्या म्हणाल्या. "म्हणजे दुसरा हात उघडा असणार पोरीचा."

मला का कोण जाणे, ते वाक्य आवडलं नाही.

इमारत सांभाळणारी बाई टॉवेल बदलायला आली, तेव्हा मी तिला हातमोजा दाखवला. समोरच्या दाराकडे बोट केलं आणि फोन पुढे धरला, भाषांतरासाठी. ती आधी हसत होती.

मग तिने तो हातमोजा पाहिला...

ती फोनमध्ये अगदी हळू बोलली. आणि फोनमधली ती यांत्रिक बाई स्वच्छ मराठीत म्हणाली, "त्या घरात कोणी राहत नाही. आई आणि मुलगी होती. त्या बर्फात वर गेल्या. परत आल्या नाहीत. कृपया तिच्याकडून काही घेऊ नका. कृपया तिला काही देऊ नका."

गिरीला पटेना. त्याने हट्ट धरला, तेव्हा तिने किल्ली आणून समोरचं दार उघडलं. ती स्वतः आत आली नाही.

आत आमच्यापेक्षा जास्त थंडी होती. खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी. जमिनीवर धूळ, आणि धुळीत आमच्याआधीचं एकही पाऊल नाही.

टेबलावर मात्र आमचं एळ्ळू-बेल्ला होतं...

निवडून ठेवलेलं. तिळांचा ढीग वेगळा, शेंगदाण्यांचा वेगळा, डाळ्याचा वेगळा, खोबऱ्याचा वेगळा. लहान मुलं ताटात खेळत बसतात, तसं.

साखरेचे मोर आणि मासे तेवढे नव्हते.

गिरीचा चेहरा उतरला. "उद्याच निघू," तो म्हणाला. मी तर लगेच निघायला तयार होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पवीच्या शाळेचा शेवटचा क्लास होता आणि मुलांना मेडल मिळणार होतं. पवी भोकाड पसरून रडली. आम्ही म्हटलं, तेवढं होऊ दे. लगेच तिथून गाडीत बसू.

तेवढंच होऊ द्यायला नको होतं.

सकाळी लख्ख ऊन होतं. मुलं बदकांच्या पिल्लांसारखी एका ओळीत उतारावरून घसरत होती. आम्ही कुंपणाशी उभे होतो. अक्का सामान बांधायला घरीच थांबल्या होत्या.

मग धुकं आलं. हळूहळू वगैरे नाही. कोणी चादर ओढावी तसं आलं.

शिकवणाऱ्या मुलीने शिट्टी वाजवली. मुलं एकेक करून धुक्यातून बाहेर आली. निळी टोपी, हिरवी टोपी, पिवळी टोपी...

पवीची टोपी आली नाही.

काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. गिरी त्या बुटांत धावत होता आणि पडत होता. शिट्ट्या वाजत होत्या. मी नुसती "पवी, पवी" करत होते आणि माझा आवाज माझ्यापुढे हातभरसुद्धा जात नव्हता. बर्फात आवाज मरतो, हे मला तेव्हा कळलं.

मी अक्कांना फोन लावला. का लावला? पवी घरी गेली असेल, अशी वेडी आशा.

"अक्का, पवी तिकडं आली का? पवी सापडत नाही."

पलीकडून अक्का म्हणाल्या, "सरी, बरं. तू थांब तिथंच."

त्यांनी फोन ठेवला नाही. पदरात धरला असावा. मला सगळं ऐकू येत होतं. आमचं दार उघडलं. पावलं. मग समोरच्या दारावर थाप.

आणि अक्का मराठीत बोलायला लागल्या. पद्मावतीबाईंशी बोलायच्या ना, अगदी तशा.

"बाई, माझी नात दे. तुझ्या लेकीला खेळायला कोणी नाही, मला कळतंय. पण माझी एकुलती आहे गं ती. तुझ्या लेकीला आजी नाही ना? मी येते. आत्ता नाही, हिला घरी पोचवू दे. बोलावशील तेव्हा येते. पण हिला सोड."

मग बराच वेळ काही नाही...

मग एक दार उघडल्याचा आवाज आला.

आणि फोन बंद पडला.

मी वर पाहिलं. धुकं फाटलं होतं. उताराच्या कडेला, झाडांपाशी, एका लाकडी बाकावर पवी बसली होती. तिथे आम्ही चार वेळा बघून आलो होतो.

मी तिला घट्ट धरलं, फटका मारला, परत धरलं. ती रडत नव्हती. गाल फुगला होता. काहीतरी चोखत होती. मी बोट घालून बाहेर काढलं.

साखरेचा मासा.

"कोणी दिलं तुला हे?"

"तिच्या आईने. ती म्हणाली, आता तू जा. तुझी अज्जी येणार आहे आमच्याकडं."

आम्ही घरी आलो तेव्हा अक्का बॅगेवर बसून होत्या. त्यांनी पवीला मांडीत घेतलं आणि पुष्कळ वेळ तिच्या केसांतून हात फिरवला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. इतका गार माणसाचा हात मी पाहिला नव्हता.

"अक्का, काय बोललात तुम्ही तिच्याशी? मी ऐकलंय."

"काय बोलणार? मला काय त्यांची भाषा येते?"

निघताना त्यांनी उरलेला गूळ आणि मूठभर तांदूळ डब्यात घातले, वर तो लाल हातमोजा ठेवला आणि डबा समोरच्या दाराशी ठेवून आल्या. गिरीने विचारलं तर म्हणाल्या, "तिनं पवी परत दिली. डबा रिकामा कसा ठेवू?"

डबा तिथेच राहिला. मला हायसं वाटलं. पीडा गेली म्हटलं.

बेंगळुरात आल्यावर सगळं सुरळीत झालं. ऑफिस, शाळा, ट्रॅफिक. फक्त अक्कांचे हात गरम होईनात. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर स्वेटर घालून बसायच्या. गिरी चेष्टा करायचा, "अक्का, फ्रीजमधनं आलीस काय गं?" डॉक्टर म्हणाले, रक्ताभिसरण. गोळ्या दिल्या. मीही ते मान्य केलं, कारण दुसरं काही मान्य करायची माझी हिंमत नव्हती.

पुढची संक्रांत आली. मी सकाळी रांगोळी काढायला दार उघडलं...

उंबऱ्यावर आमचा डबा होता.

तोच. ठिपक्याठिपक्यांचं नाव. 'राजाजीनगर.' स्टीलवर दव धरलेलं, हात लावला तर चटका बसावा इतका गार.

झाकण काढलं. रिकामा. स्वच्छ धुतलेला.

मी ओरडणार, तेवढ्यात मागून अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला. आत पाहिलं. घाबरल्या नाहीत. घरी पाहुणा येणार हे आधीच माहीत असावं, तसं त्यांचं तोंड होतं.

"रिकामा पाठवलाय," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता आपण द्यायचं."

मी त्यांना दिवसभर नजरेआड होऊ द्यायचं नाही, असं ठरवलं होतं. सुट्टी घेतली. पण सणाचा दिवस. पद्मावतीबाईंची सून पवीला एळ्ळू द्यायला आली, मी तिला हळदीकुंकू लावायला आत वळले. तेवढाच वेळ.

अक्का डबा भरून निघून गेल्या होत्या. विणकामाची पिशवीही नव्हती. जाताना पवीला सांगून गेल्या, "समोर देऊन येते."

आमच्या घरासमोर घर नाही. मोकळा साइट आहे, रिकामा प्लॉट. एक नारळाचं झाड आणि एक दगडी फरशी.

त्या फरशीवर अक्का बसलेल्या सापडल्या. झाडाला टेकून, डोळे मिटून. ऊन तोंडावर होतं. लोकांना वाटलं, डुलकी लागलीय.

हार्ट, असं डॉक्टरांनी सांगितलं. वय झालं होतं. त्यात काही खोटं नाही. पण त्यांच्या नऊवारीचा काठ घोट्यापर्यंत ओला होता. पाऊस कुठे होता? डबा तिथे नव्हता. पिशवीही नव्हती.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यल्लाप्पा मला बाजूला घेऊन म्हणाला, "रम्याक्का, अक्का रस्ता ओलांडताना मी बघितलं. हात असा खाली धरला होता त्यांनी. पोरीचं बोट धरतात ना, तसा. मला वाटलं, पवी असेल."

पवी घरात होती. माझ्यापाशी.

मी अक्कांवर फार रागावले. कोण कुठली ती बाई, आणि कोण कुठली तिची मुलगी! आमच्या घरातलं माणूस का द्यायचं? मग पवी शाळेतून यायची, दप्तर फेकायची, खायला मागायची. ती समोर दिसली की मला राग धरता यायचा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

मला वाटलं, व्यवहार पुरा झाला. तिने पवी दिली, अक्का गेल्या. देणं फिटलं.

मी अक्कांचा नियम विसरले होते.

या वर्षीच्या मार्चमधली दुपार. उकाड्याने जीव नको झाला होता. पवी आठ वर्षांची झालीय. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच सहज म्हणाली, "आई, अज्जीचा डबा आलाय."

ओट्यावर होता. खाली पाण्याचं थारोळं.

मी झाकण काढलं. आत बर्फ. वरून हाताने सारखं केलेलं. या वेळी लहान बोटांच्या खुणांशेजारी मोठ्या बोटांच्याही खुणा होत्या.

आणि बर्फावर एक हातमोजा...

लाल लोकरीचा, डाव्या हाताचा. पण तो जुना नव्हता. कोरा, नुकता सुईवरून उतरवलेला. मी तो उलटा केला. मला ते शोधायचंच होतं.

मनगटाच्या आतल्या बाजूला एक टाका काळ्या दोऱ्याचा होता.

पवीने माझ्या हातातून तो ओढून घेतला आणि घातला. नेमका बसला. आजच्या तिच्या हाताला. अक्का गेल्या तेव्हा तिचा हात केवढासा होता!

तिने तो गालाला लावला. "आई, अज्जी तिथं बरी आहे ना?"

मला रडूच आलं. कारण क्षणभर मलाही तेच वाटलं होतं, की बरी असेल. विणतेय ना अजून.

मग पवी डब्याकडे बघून म्हणाली, "आपण यात काय घालून द्यायचं? रिकामा द्यायचा नसतो ना?"

गिरीने तो डबा दूर नेऊन टाकला. आनेकलच्या पलीकडे एका तळ्यात टाकून आला. घरी परतला तेव्हा डबा ओट्यावर होता. बर्फ वितळून गेलं होतं. आता तो रिकामाच आहे. मी त्यात काही घालत नाही आणि तो कुठे नेऊनही ठेवत नाही. भरून दिला तर पुन्हा काहीतरी परत येईल. न द्यावा, तर देणं आमच्याकडे राहतं. वडीलधाऱ्यांना विचारावं, तर विचारण्यासारख्या एकट्या अक्का होत्या.

हातमोजा पवी काढू देत नाही. शाळेतून आली की घालते. मी ओरडले तर म्हणते, अज्जीने दिलाय.

तो एकच आहे. अक्का कधी एकच विणणाऱ्या नव्हत्या.

काल गृहपाठ करताना पवीने पेन खाली ठेवलं आणि उजवा हात फ्रॉकला चोळायला लागली. मी विचारलं, काय झालं.

"आई, हा हात गार पडतो गं."

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. चोळला, फुंकर घातली, पोटाशी धरला. एप्रिल चालू आहे, घरात तिन्ही पंखे फिरतायत.

तो अजून गरम झालेला नाही.